हळकुंड मोडून बघ: नव्या जाहीर झालेल्या गेमबद्दल

तासगावहून सांगलीला डिप्लोमासाठी रोज ये-जा करणारा एक मुलगा परवा दुकानात आला. डिसेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या गेमची यादीच त्याने मोबाईलवर करून आणली होती. म्हणाला, "दादा, सगळे ट्रेलर बघितले, अंगावर काटा आला. साठवलेले वीस हजार आहेत. घरी पीसी आहे, 1650 ग्राफिक्स कार्डचा. यातला कुठला गेम खरंच भारी निघेल? आत्ताच प्री-ऑर्डर करून ठेवू का?" शनिवारची गर्दी होती, म्हणून तेव्हा एवढंच सांगितलं की घाई करू नकोस, नीट लिहून देतो. हे ते उत्तर.

मी पुण्यात एका स्टुडिओत सहा वर्षं गेम टेस्टिंग केलं. त्यातली शेवटची दोन वर्षं डेमोची तयारी करण्यात आणि ट्रेलरसाठी फुटेज पकडण्यात गेली. त्यानंतर अकरा वर्षं झाली, सांगलीत विश्रामबागला गेमिंग झोन आणि पीसी जोडणीचं दुकान चालवतोय. ट्रेलर तयार होताना पाहिलाय आणि तो बघून पैसे घेऊन धावत आलेली पोरंही पाहिलीत.

आधी तुझ्या अंगावरच्या काट्याबद्दल. तो खरा आहे, त्याला मी हसणार नाही. लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमध्ये 11 डिसेंबर 2025 च्या संध्याकाळी द गेम अवॉर्ड्सचा, म्हणजे गेमच्या वार्षिक पुरस्कारांचा सोहळा सुरू झाला (नवे गेमही तिथेच जाहीर होतात), तेव्हा आपल्याकडे 12 तारखेचे सकाळचे साडेसहा वाजले होते. कडाक्याची थंडी. शटर अर्धं वर करून आम्ही सहाजण आत बसलो होतो, कोपऱ्यावरच्या गाड्यावरचा चहा आणि कागदात भडंग. लॅरियन स्टुडिओचा डिव्हिनिटी जाहीर झाला तेव्हा एकाचा चहा सांडला आणि कुणी पुसायला उठलं नाही. इतकी वर्षं झाली तरी नवा गेम जाहीर होताना माझ्या पोटात तसंच होतं. ते सुटू नये असंच मला वाटतं.

पण बघायची एक रीत असते. माझे मामा मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर हळदीच्या सौद्याला जायचो. वरून सगळेच ढीग पिवळेधमक दिसायचे. मुरलेला व्यापारी ढिगाकडे फार वेळ बघत बसायचा नाही. एक हळकुंड उचलायचा, कट्कन मोडायचा आणि आतला गाभा उजेडाकडे धरायचा. बोली त्यानंतर. ट्रेलरचंही हळकुंड मोडावं लागतं, आणि ट्रेलरचा गाभा म्हणजे खेळणाऱ्याचा हात. पडद्यावर जे घडतंय ते कुणाच्या तरी बोटांमुळे घडतंय की नुसतं दाखवलं जातंय, एवढं शोधायचं.

ते कळतं कसं? ट्रेलर पाव वेगाने लाव आणि पात्राचे पाय बघ. जिना चढताना पाऊल पायरीवर नेमकं टेकतंय, की थोडं हवेत, थोडं दगडात रुततंय? पात्र वळताना आधी खांदा वळतो की अख्खं शरीर भोवऱ्यासारखं जागेवर फिरतं? खऱ्या खेळात या गोष्टी कधीच शंभर टक्के नीट नसतात, कारण खेळणारा कधी, कुठे वळेल हे यंत्राला आधी माहीत नसतं. सगळं अगदी बिनचूक दिसलं, कॅमेरा प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या उत्तम बाजूलाच सापडला, तर समज की ती आधीपासून रचलेली चित्रफीत आहे. तिला वाईट म्हणायचं कारण नाही. पण तिच्यावरून खेळ कसा आहे हे कळत नाही.

मग खालची बारीक अक्षरं वाच. "इंजिनमध्ये तयार केलेलं" आणि "खेळातून पकडलेलं" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ फक्त एवढाच की गेमचंच सॉफ्टवेअर वापरलंय. एक-एक फ्रेम सावकाश तयार केलेली असू शकते. द विचर 4 चा पहिला ट्रेलर डिसेंबर 2024 मध्ये आला तेव्हा तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने ते स्वतःच लिहिलं होतं: आधीच रेंडर केलेलं, म्हणजे संगणकाकडून आधीच चितारून घेतलेलं, तेही तोवर बाजारात न आलेल्या एनव्हिडिया कार्डावर. जून 2025 मध्ये त्यांनी साध्या पीएस5 वर (टीव्हीला जोडायचा सोनीचा गेम कन्सोल) चालणारं प्रात्यक्षिक दाखवलं, त्यातली नायिका सिरी घोड्यावरून बाजारात येते ते. तेव्हाही त्यांनी बजावलं की हे तंत्राचं प्रात्यक्षिक आहे, गेम नव्हे. या प्रामाणिकपणाची मला कदर आहे. तो गेम 2027 च्या आधी येणार नाही.

माझ्या कामाची एक गोष्ट सांगतो. स्टुडिओत असताना एका मोठ्या प्रदर्शनासाठी आम्ही डेमो बनवत होतो. आमच्या भाषेत त्याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतात, म्हणजे अख्ख्या केकचा एक उभा तुकडा, त्यात वरपासून खालपर्यंत सगळे थर दिसले पाहिजेत. एक गल्ली होती, दोन दुकानं, एक पळणारा माणूस. तीन महिने त्या गल्लीवर सगळे राबले. पावसाचं डबकं, दिव्याचं प्रतिबिंब, कौलावरून पळणारी मांजर. गल्लीच्या टोकाला एक निळा दरवाजा होता आणि त्याच्यामागे काहीच नव्हतं. डेमो दाखवणाऱ्याला बजावलेलं होतं की त्या बाजूला कॅमेरा वळवायचा नाही. पुढे गेमची रचनाच बदलली आणि ती गल्ली अंतिम गेममध्ये आली नाही. कुणी फसवायला बसलं नव्हतं. आम्हालाही मनापासून वाटत होतं की सगळं शहर असंच होणार. सांगलीच्या माणसाला हे पटकन समजावं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवर उभं केलं, तेव्हापासून रंगवलेल्या पडद्यामागे काय असतं हे आपल्या गावाला माहीत आहे.

जगातही हेच झालंय. 2005 साली ई3 प्रदर्शनात किलझोन 2 ची जी फीत दाखवली, ती प्रत्यक्ष खेळ म्हणून लोकांनी डोक्यावर घेतली; ती आधी रेंडर केलेली निघाली आणि गेम आला 2009 मध्ये. वॉच डॉग्जचा 2012 चा डेमो आणि 2014 ला विक्रीला आलेला गेम शेजारी-शेजारी लावून बघ, उजेड आणि पाऊस दोन्ही उतरलेले दिसतील. सायबरपंक 2077 जाहीर झाला 2012 ला, एकट्या 2020 मध्ये तारीख तीनदा पुढे गेली, आणि 10 डिसेंबरला आला तेव्हा जुन्या कन्सोलवर अशी अवस्था होती की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला. पुढे त्याच लोकांनी तो दुरुस्त करून उत्तम केला, हेही तितकंच खरं. नो मॅन्स स्कायचंही तसंच. ऑगस्ट 2016 ला आला तेव्हा सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या, आणि नंतर त्या छोट्या टीमने वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन शब्द पुरा केला. त्या टीमबद्दल मला आदर आहे. पण ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले, त्यांनी वाट बघण्याचीच किंमत मोजली.

उलट उदाहरण त्याच 12 डिसेंबरच्या सकाळी समोर होतं. वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन 33. फ्रान्समधल्या मॉन्पेलिए गावचा स्टुडिओ, त्यांचा पहिलाच गेम. जून 2024 ला जाहीर केला, पहिल्याच ट्रेलरमध्ये लढाई कशी चालते ते दाखवलं, आणि एप्रिल 2025 ला लोकांच्या हातात ठेवला. दहा महिने. हात दाखवून जाहीर करणं म्हणजे काय, ते यांच्याकडून शिकावं.

आता तुझी यादी.

डिव्हिनिटी. ट्रेलरमध्ये खेळाचा एक सेकंद नाही, तारीख नाही. गावजत्रा, आग, रक्त, आणि शेवटी नाव. तरी माझा सगळ्यात जास्त विश्वास याच स्टुडिओवर आहे, आणि तो ट्रेलरमुळे बसलेला नाही. लॅरियनने बाल्डर्स गेट 3 ऑक्टोबर 2020 मध्ये अर्धवट अवस्थेत लोकांसमोर ठेवला, जवळजवळ तीन वर्षं त्यांच्याकडून ऐकून घेत सुधारला आणि ऑगस्ट 2023 ला पूर्ण केला. ही माणसं गाभा झाकत नाहीत. पण वाट लांबची आहे, आज एक रुपयाही बाजूला काढू नकोस.

टूम रेडर: कॅटॅलिस्ट. यावर मी जरा रेंगाळणार, कारण याची गोष्ट उत्तर भारतात घडते. 2027 ला येईल म्हणतात. या मालिकेची नायिका लारा क्रॉफ्ट भारतात पहिल्यांदा येतेय असं नाही. 1998 चा टूम रेडर 3 भारतातल्या जंगलातच सुरू होतो, वाघ-माकडांसकट. त्या काळात वाघ आणि माकड दाखवलं की भारत झाला. नंतर 2017 मध्ये अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी आला. तो चक्क आपल्या पश्चिम घाटात घडतो, होयसळांच्या जुन्या राजधान्यांच्या शोधात, गणपतीच्या सुळ्यासाठी. तो मी खेळलो तेव्हा पहिला अर्धा तास पुढेच सरकलो नाही. चिखलातून जीप काढायची, डोंगरावरून कोसळणारं पाणी बघायचं, पुन्हा मागे यायचं. पावसाळ्यात शिराळ्याकडून चांदोलीला जाताना अंगावर येतो तो हिरवा रंग त्यांनी जवळपास पकडला होता.

म्हणून कॅटॅलिस्टकडून माझी अपेक्षा मोठी आहे, आणि मी कुठे बघणार तेही ठरवलंय. दगड. बाहेरच्या गेममधली "भारतीय" देवळं बहुतेकदा एकाच पिवळट दगडाची आणि एकाच साच्याच्या मूर्तींची असतात. आपल्यापासून तासाभराच्या वाटेवरच्या खिद्रापूरला जा, कोपेश्वराच्या देवळात. स्वर्गमंडपाच्या छताला वर गोल मोकळं आभाळ आहे आणि बरोबर त्याच्याखाली तेवढ्याच घेराची गोल शिळा. दुपारी उन्हाचा कवडसा त्या काळ्या दगडावर सरकत जातो आणि भोवतीच्या खांबांवरची नक्षी एकेक करून उजळते. खेळ बनवणाऱ्याला याहून चांगलं कोडं कुणी देऊ शकणार नाही: उजेड कुठे पडतोय ते बघ आणि वाट शोध. उत्तर भारतातलं देऊळ वेगळ्या दगडाचं, वेगळ्या घडणीचं असणार, ते तसंच दिसलं पाहिजे. गावातली माणसं कुठल्या बोलीत हाका मारतात ते ऐकू आलं पाहिजे. पुढचा ट्रेलर येईल तेव्हा लाराकडे नंतर बघू, आधी भिंती बघू. याच मालिकेतल्या पहिल्या, 1996 च्या गेमचा नवा अवतार लेगसी ऑफ अटलांटिस 2026 मध्ये येईल असं जाहीर झालंय, त्यावरून या टीमचा हात आधीच कळेल.

जेम्स बाँडचा 007 फर्स्ट लाइट डिसेंबरात नव्याने जाहीर झालेला नाही. डिसेंबरात त्याची तारीख फक्त पुढे गेली, मार्चवरून 27 मे 2026 वर. पण तुझ्या यादीत मला सगळ्यात भक्कम वाटतो तो हाच. सप्टेंबर 2025 ला आयओ इंटरॅक्टिव्हने अर्ध्या तासाहून जास्त खेळ सलग दाखवला, हॉटेलात शिरायचे वेगवेगळे मार्ग दाखवले. पाठलागात काही ठिकाणी फ्रेम अडखळताना मला दिसल्या आणि बरं वाटलं, कारण रचलेली फीत अडखळत नाही. शिवाय हे लोक गर्दी जिवंत करण्यात पटाईत आहेत. त्यांच्या हिटमॅन 2 मधली मुंबई खेळून बघ: कपडे धुण्याचा कारखाना, सिनेमाचं शूटिंग, चाळीसारख्या बोळांतून वाट काढत जाणारी माणसं. 2018 चा गेम आहे, तुझ्या कार्डावर आरामात चालतो.

आणि जीटीए 6. रोज दहाजण विचारतात. पहिला ट्रेलर डिसेंबर 2023 ला आला तेव्हा 2025 म्हणाले, मग 26 मे 2026, आता 19 नोव्हेंबर 2026. दुसऱ्या ट्रेलरबद्दल तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने सांगितलंय की तो पीएस5 वरच पकडलाय, निम्मा खेळ आणि निम्मे कटसीन, म्हणजे नुसते बघायचे कथेचे प्रसंग. त्यामुळे दिसतंय तसं येईल यावर माझा विश्वास आहे. पण तुझ्यासाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे: तो पीएस5 आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झालाय, पीसीसाठी नाही. जीटीए 5 कन्सोलवर सप्टेंबर 2013 ला आला आणि पीसीवर एप्रिल 2015 ला. रेड डेड रिडेम्पशन 2 ला वर्षभर लागलं. म्हणजे नोव्हेंबरात तो तुझ्या घरी चालणारच नाही, आणि पोरं आत्तापासून त्यासाठी पीसी घ्यायला माझ्याकडे येताहेत. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. मी त्यांना परत पाठवतो.

स्टार वॉर्स: फेट ऑफ द ओल्ड रिपब्लिक विसरून जा, निदान काही वर्षं. दिग्दर्शक केसी हडसन मोठा माणूस आहे, 2003 चा मूळ गेम त्याचाच, पण स्टुडिओ नुकताच उभा राहिलाय. त्याच मूळ गेमचा रिमेक सप्टेंबर 2021 ला जाहीर झाला होता, तो अजून आलेला नाही. एल्डर स्क्रोल्स 6 ची अर्ध्या मिनिटाची डोंगराची फीत जून 2018 मध्ये दाखवली होती. ती बघून नाचलेली माझ्या झोनमधली पोरं आज नोकरीला लागलीत.

आता पैसे. प्री-ऑर्डर करू नकोस, हे माझं सरळ उत्तर आहे. दुकानात डिस्कचा माल मोजका यायचा तेव्हा आगाऊ बुकिंगला अर्थ होता. कोल्हापूरहून खोकं यायचं, त्यात पाच प्रती, मागणारे वीस. डाउनलोडचा माल संपत नाही. आगाऊ पैसे भरून मिळतात ते दोन पोशाख आणि एक तलवार. मीही एकदा एका गेमला पूर्ण पैसे आधी भरून बसलो होतो. आला तेव्हा माझ्या मशीनवर सुरूच होईना आणि पैसे परत मिळवायला दीड महिना गेला. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर निदान नियम स्पष्ट आहे: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. ते दोन तास नीट वापर. सेटिंगमध्ये घालवू नकोस, थेट खेळात उतर.

तुझं कार्ड आता अडणार आहे, हे आधीच सांगतो. 1650 मध्ये रे ट्रेसिंगची, म्हणजे उजेड-सावली खऱ्यासारखी मोजून दाखवण्याची सोय नाही आणि मेमरी 4 जीबी. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस या दोन गेमनी रे ट्रेसिंग सक्तीचंच केलंय, ते तुझ्याकडे उघडणारच नाहीत. पुढचे मोठे गेम त्याच वाटेने जातील. पण आत्ता रॅमचे भाव चढलेत, कारण मेमरीचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून अख्खा पीसी आत्ता बदलू नकोस. फक्त कार्ड बदलायचं का ते बघू.

तोवर एक युक्ती कर. जाहीर झालेल्या बहुतेक गेमना एक थोरला भाऊ असतो, आणि तो सेलमध्ये स्वस्तात मिळतो. डिव्हिनिटीची ओढ लागली असेल तर 2017 चा डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2 घे, कुणा मित्राला शेजारी बसवून खेळ, शंभर तास कुठे गेले कळणार नाही. कॅटॅलिस्टसाठी 2013 चा टूम रेडर. विचरसाठी 2015 चा तिसरा भाग. लॉस्ट लेगसीही पीसीवर आलाय, सेटिंग खाली उतरवून चालव. आणि सिल्कसाँग घेच. फेब्रुवारी 2019 ला जाहीर झाला, लोक साडेसहा वर्षं थांबले, आणि 4 सप्टेंबर 2025 ला विक्रीला आला तेव्हा स्टीमसकट स्टोअरं कोलमडली. ऑस्ट्रेलियातल्या मूठभर माणसांचं काम आहे आणि तुझ्या कार्डावर लोण्यासारखा पळतो.

एक गेम यादीत नव्हता, तो मी घालतो: राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, 2020 चा. 2017 ला त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले होते, तेव्हा रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, हातात त्रिशूळ, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात, आणि कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे उलगडतात. लढाई मला थोडी अवघडलेली वाटली, पण त्या भिंती बघ. त्या बनवणाऱ्यांनी देऊळ आतून पाहिलेलं आहे. इथून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर बसून कुणीतरी हे केलं, हे मला आजही भरून आणतं.

रविवारी सकाळी दहाच्या आत पीसीचं कॅबिनेट घेऊन ये, उघडून बघू. बहुतेक 1650 कार्डांना वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून जोडताना पुष्कळ ठिकाणी साधा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घालतात. तो किती वॅटचा आहे आणि त्याला कार्डाची केबल आहे का, हे बघितल्याशिवाय नव्या कार्डाचं नावही काढायचं नाही.